महाराणी पानिपतला जाणार नाही

गाझियाबादच्या ट्रान्सपोर्टनगरात, भसीनशेठच्या यार्डात, सुखदेवला कुणी सुखदेव म्हणत नसे. तिथे तो ‘मराठे’ होता. हिंगणघाट सोडून त्याला इतकी वर्षं झाली होती की त्याची मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली आणि आता नोएडाच्या एका ऑफिसात नोकरीलाही लागली होती. तरी यार्डातल्या लोकांच्या लेखी तो परवाच मुंबईहून उतरलेला होता. हिंगणघाट मुंबईपासून किती लांब आहे हे त्यानं सुरुवातीला समजावून पाहिलं, मग नाद सोडला. कुणाला सिनेमातल्या नटनट्यांची चौकशी करायची असली की ते मराठेकडे येत. सुखदेवही “ठीक आहेत सगळे,” असं सांगून मोकळा होई.

गाडी तो अशी चालवी की मागच्या ड्रायव्हरला आपल्या उभ्या आयुष्याचा फेरविचार करायला सवड मिळावी. यार्डातला धिप्पाड रामफळ, रोहतककडचा, त्याला ‘बारात की घोडी’ म्हणायचा. सुखदेव चिडत नसे. “घोडी मांडवात पोचते ना?” एवढंच विचारी. निघायच्या आधी हातात पाना घेऊन तो गाडीभोवती फिरे, प्रत्येक टायरवर टक् टक् वाजवून कान देऊन ऐके, आणि मग चेहरा असा करी की टायरनं त्याला घरची काही खासगी गोष्ट सांगितली आहे. बाकीचे ड्रायव्हर तेवढ्यात दुसरा चहा संपवत.

त्या यार्डात महाराणी नावाचा एक ट्रक होता.

नाव खुद्द भसीनशेठनी ठेवलेलं. भाऊबंदांपासून वेगळं झाल्यावर स्वतःच्या हिमतीवर घेतलेली ही पहिली गाडी. आपलं नशीब उघडलं ते हिच्या पायगुणानं, अशी त्यांची पक्की श्रद्धा होती, त्यामुळे तिच्याविषयी वावगा शब्द ऐकायची त्यांची तयारी नसे. महाराणीच्या कपाळावर झेंडूची माळ असे, आरशाला काळी वेणी असे, आणि ब्रेक मात्र नावापुरते असत. पाय दाबला की ती थांबत नसे. आधी विचार करी. थांबावं की न थांबावं, इथे थांबावं की पुढे जरा बरी जागा बघून थांबावं, असा सगळा विचार झाला की मग मनात आलं तर थांबे. यार्डात एक लठ्ठ कुत्रा वाटेतच पडलेला असे आणि कुठल्याही ट्रकला उठून जागा देत नसे. महाराणी सुरू झाली की मात्र तो न सांगता उठे आणि भिंतीपलीकडे जाऊन बसे.

ड्रायव्हरांनाही हे सगळं माहीत होतं. पण शेठना तोंडावर सांगणार कोण? त्यावर त्यांनी एक सोपा मार्ग काढला होता. महाराणीवर पाळी आली की कुणाचं पोट बिघडे, कुणाचा डोळा फडफडे, कुणाला निघताना मांजर आडवी जाई. रामफळची आजी तर या एका ट्रकपायी कितीदा वारली होती. शेठ मुळात मायाळू आणि त्यातून देवभोळे. मांजर आडवी गेली म्हटलं की स्वतःच म्हणत, “मग आज नको रे बाबा, उद्या जा.” आजी गेली म्हटलं की डोळ्याला रुमाल लावत. आणि महाराणी कुणातरी नव्या, अजाण ड्रायव्हरच्या गळ्यात पडे.

डिसेंबर लागला. सकाळची धुक्याची भिंत उभी राहू लागली, आणि ब्लँकेटांचा हंगाम असल्यामुळे पानिपतला सूत न्यायची घाई सुटली. सुखदेवची रोजची गाडी इंजिनाच्या कामाला गेलेली होती. सकाळी शेठनी वरच्या गॅलरीतून हाक मारली, “मराठे! आज महाराणी घेऊन जा. सूत भरलंय.”

सुखदेवनं पाना उचलला. टायर वाजवले. मग महाराणीत बसून यार्डातल्या यार्डात एक फेरी मारावी म्हणून निघाला. फाटकाजवळच्या चहावाल्यानं तिचा आवाज ऐकताच आपलं बाकडं सवयीनं मागे ओढलं. सुखदेवनं फाटकापाशी ब्रेक दाबला. महाराणीनं विचार केला. बाकडं जिथे होतं ती जागा तिला बरी वाटली, तिथे ती थांबली.

सुखदेव खाली उतरला, जिना चढून वर गेला, आणि म्हणाला, “शेठजी, मी नेणार नाही.”

“का? मांजर गेली?”

“नाही.”

“घरी कुणी...?” शेठचा हात रुमालाकडे गेला.

“घरी सगळे बरे आहेत. गाडीला ब्रेक नाहीत.”

शेठचा चेहरा असा पडला की जणू सुखदेवनं त्यांच्या सख्ख्या बहिणीबद्दल काही भलतंसलतं म्हटलं आहे.

“महाराणीला? अरे, तिचा फिटनेसचा कागद आहे माझ्याकडे! ताजा!”

“कागद फिट असेल शेठजी. मग कागदच पाठवा पानिपतला.”

हे आपण कसं बोलून गेलो, ते सुखदेवला शेवटपर्यंत कळलं नाही. तो जिना उतरून आला. खाली रामफळनं त्याला बाजूला ओढलं.

“अरे मराठे, पागल है क्या? मांजर म्हणून सांगायचं! मांजरीचं कोण काय वाकडं करणार?”

“मांजर गेली म्हटलं तर उद्या कोण नेणार?”

रामफळनं त्याचा हात सोडला. उद्या पाळी त्याची होती.

पहिले एक-दोन दिवस शेठनी गोडीगुलाबीनं घेतलं. सुखदेवला वर बोलावून चहा पाजला, तोही काचेच्या ग्लासात नव्हे, पाहुण्यांच्या कपात. तू मला धाकट्या भावासारखा, म्हणाले. सुखदेवनं चहा प्यायला, बिस्किटही खाल्लं आणि म्हणाला, “ब्रेक करून घ्या, लगेच निघतो.” ब्रेक करायचे म्हणजे गाडी मिस्त्रीकडे जाणार आणि ऐन हंगामात उभी राहणार. शेठना ते परवडणारं नव्हतं. त्यांनी मिस्त्रीऐवजी पंडितजींना बोलावलं.

पूजा झोकात झाली. नारळ फुटला, उदबत्त्या लागल्या, नवी लिंबू-मिरची बांधली गेली. शेवटी चारी बाजूंच्या चाकांखाली लिंबं ठेवली, ती चिरडत गाडीनं एक पाऊलभर पुढे यायचं आणि थांबायचं, असा विधी होता. सुखदेव बसायला तयार नाही म्हणून शेठ स्वतः बसले. गाडी पुढे आली, लिंबं चिरडली गेली. विधीचा पहिला भाग उत्तम पार पडला. दुसऱ्या भागाला मात्र महाराणीनं वेळ लावला. पंडितजी समोरच आरतीचं ताट घेऊन, डोळे मिटून उभे होते. रामफळनं हाक मारली नसती तर काही खरं नव्हतं. डोळे उघडल्यावर पंडितजींनी जी धाव घेतली ती पाहून चहावाला म्हणाला, या वयाला एवढं पळणं म्हणजे देवाचीच कृपा. ताट हातात तसंच होतं. एक दिवाही विझला नव्हता.

“पाहिलंत शेठजी?” सुखदेव म्हणाला.

“उतार आहे तिथे,” शेठ घाम पुसत म्हणाले. यार्ड परातीसारखं सपाट होतं.

त्यानंतर त्यांनी लीलाबाईला फोन लावला. लीलाबाई म्हणजे सुखदेवची बायको. घरी शिलाईचं काम करायची आणि हिंदी बोलताना क्रियापदं मराठीच ठेवायची. “भाभीजी,” शेठ कळवळून म्हणाले, “तुम्ही तरी समजवा. गाडीवर थोडी श्रद्धा ठेवायला नको का माणसानं?”

“शेठजी,” लीलाबाई शिलाई मशीन न थांबवता म्हणाली, “तुमच्या घरी गॅस गळायला लागला, तर बायकोला सांगाल का, की श्रद्धा ठेव आणि काडी ओढ?”

शेठनी नमस्ते म्हणून फोन ठेवला आणि सुखदेवला निरोप पाठवला: महाराणी नेणार नसशील तर उद्यापासून येऊ नकोस.

फोनवर असं ठणकावणारी लीलाबाई घरात मात्र वेगळी होती. भाकरी थापता थापता तिचा हात मध्येच थांबे. “नोकरी गेली तर या वयात कोण ठेवून घेणार हो तुम्हाला? तेही इतकं हळू चालवणाऱ्याला?”

मुलगी समता ऑफिसातून आली, तेव्हा दोघांची ताटं तशीच पुढ्यात होती.

“क्या हुआ, आई?”

“तुझ्या बाबांनी संप केलाय.”

“साँप?” समतानं दोन्ही पाय झटकन खुर्चीवर घेतले. “कुठेय?”

संप म्हणजे काय ते तिला समजावण्यात थोडा वेळ गेला, आणि घरात दोन दिवसांनी पहिल्यांदा हसू आलं. मग ती म्हणाली, “पण बाबा, ताप आला म्हणून सांगायचं ना, यार. सुट्टी पण मिळाली असती.”

सुखदेवनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “ताप मला आला म्हटल्यानं गाडी बरी होत नाही, बेटा. उद्या रामफळ नेईल, परवा कुणी नवा येईल, त्याला तर माहीतही नसेल. धुक्यात समोरचा आपल्याला दिसत नाही, आपण त्याला दिसत नाही. पाय दाबला की समोरची गाडी थांबेल, एवढ्या एका भरवशावर सगळे चाललेले असतात. तो भरवसा मी कुठून आणू? पंडितजींकडून?”

समतानं पाय खाली घेतले. “बिल्कुल नको,” ती म्हणाली.

घरी बसणं सुखदेवला जमेना. सकाळी उठून तो गॅसच्या सिलिंडरवर पाना वाजवून बघे. मग कुकरवर, मग पाण्याच्या टाकीवर. शिलाई मशीनच्या चाकाला हात घातला तेव्हा लीलाबाईनं कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, “अहो, तुम्ही यार्डात जा बरं. कामावर घेत नसतील तर बाहेर बसा. पण जा.”

म्हणून तो रोज यार्डाच्या फाटकासमोर, चहावाल्याच्या खाटेवर जाऊन बसू लागला. घोषणा नाही, फलक नाही. नुसता बसे, चहा पिई, आणि महाराणीकडे पाहून मधूनच मान हलवी.

शेठनी रामफळला वर बोलावलं. रामफळ दाराशी उभा राहिला, चेहरा पाडला आणि म्हणाला, “शेठजी, मेरी दादी...”

“ती नवरात्रात गेली.”

रामफळ अडखळला. दुसरी आजी तर दिवाळीत गेलेली. त्यानं मदतीसाठी खिडकीबाहेर पाहिलं. समोर खाटेवर सुखदेव बसला होता, बशीत चहा ओतून फुंकत होता. रामफळनं घसा खाकरला.

“ब्रेक नाहीत, शेठजी,” तो म्हणाला.

खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदाच नदीत उडी मारून वर आलेल्या माणसासारखा झाला होता. “सांगून टाकलं,” तो सुखदेवला म्हणाला. “भाई, पोटातून दगड गेला.” आणि तो खाटेवर बसला. खाट जमिनीला टेकली.

मग एकेक करून बाकीचे आले. ज्याचं पोट बिघडायचं तो आला, ज्याचा डोळा फडफडायचा तो आला. शेठ हट्टाला पेटले: आधी महाराणी निघेल, मगच बाकीच्या गाड्या फाटकाबाहेर पडतील. भरलेले ट्रक ओळीनं उभे राहिले. सुताच्या व्यापाऱ्यानं कंटाळून महाराणीतला माल उतरवून दुसरीकडे नेला. ती रिकामी उभी राहिली, कपाळावर झेंडूची ताजी माळ घालून. चहावाल्यानं आणखी खाटा आणवल्या. त्याच्या आयुष्यात असा हंगाम आला नव्हता.

शेठनी बुलंदशहरहून नवा ड्रायव्हर मागवला. तो पिशवी खांद्याला लावून आला, खाटांवर ओळीनं बसलेले गंभीर चेहरे बघून फाटकाशीच थबकला आणि हळू आवाजात त्यानं विचारलं, “मयत झाली का कुणी?”

“अजून नाही,” रामफळ म्हणाला. “तूच नेणार का ती गाडी?”

नव्या ड्रायव्हरनं महाराणीकडे पाहिलं, मग यांच्याकडे, आणि पिशवी खाटेखाली ठेवून चहा मागवला.

हे आणखी किती लांबलं असतं कुणास ठाऊक. पण भसीनशेठच्या मुलीचं, सलोनीचं, लग्न ठरलं होतं, आणि सासर होतं पानिपतचं. एका दुपारी शेठच्या पत्नी, नीलमभाभी, टेम्पोतून मुलीच्या संसाराचं सामान घेऊन यार्डात उतरल्या. डबल बेड, काचेचं शोकेस, आणि मखमली, मोरपंखी रंगाचा एक सोफा. तो सोफा निवडायला त्यांनी कीर्तिनगरची दुकानंच्या दुकानं पालथी घातली होती, आणि ते त्यांनी टेम्पोतून उतरता उतरताच सगळ्यांना सांगितलं.

यार्डात सगळे ट्रक भरलेले. रिकामी एकच गाडी. “हिच्यात चढवा,” भाभी हमालांना म्हणाल्या.

हमालांनी सोफा उचलला आणि तसाच धरून खाटांकडे पाहिलं. रामफळनं सुखदेवच्या बरगडीत कोपर खुपसलं: गप्प बस. पण सुखदेवच्यानं राहवेना. तो उठून पुढे आला.

“भाभीजी, चढवायच्या आधी शेठजींना एकदा विचारून घ्या.”

“त्यांना काय विचारायचं?” म्हणत भाभींनी वर तोंड करून हाक मारलीच. “अहो ऐकलंत का! सलोनीचा सोफा महाराणीत घालतेय!”

शेठ कानाला फोन लावून गॅलरीत आले. खाली पाहिलं, आणि फोनवरचं बोलणं तिथेच टाकून ओरडले, “पागल हो गई हो क्या! उसके ब्रेक नहीं हैं!”

शेठच्या हातातला फोन पलीकडून “हॅलो, हॅलो” करत राहिला. हमालांनी सोफा हळूच जमिनीवर ठेवला.

नीलमभाभी सावकाश खाटांकडे वळल्या. “आणि हे सगळे इथे का बसलेत?”

ज्यानं त्यानं आपापल्या चहात तोंड घातलं. शेवटी रामफळ उभा राहिला आणि अगदी अदबीनं म्हणाला, “भाभीजी, याच गोष्टीसाठी.”

भाभी जिना चढून वर गेल्या. दार बंद झालं. आतून बराच वेळ आवाज येत होता, आणि तो एकट्या भाभींचाच होता. त्यातलं पंजाबी सुखदेवला सगळं कळलं नाही, सोफा हा शब्द मात्र पुन्हा पुन्हा येत होता. एक वाक्य तेवढं दारातून स्पष्ट ऐकू आलं. “सोफ्याला जीव आहे आणि या माणसांना नाही?” खाली कुणी हसलं नाही. ज्याचा डोळा फडफडायचा, त्यानं खरंच डोळा पुसला.

त्याच संध्याकाळी यासीन मिस्त्री आला. त्यानं महाराणीची चाकं उतरवली, आत पाहिलं, आणि बराच वेळ नुसतं “तौबा” म्हणत राहिला. ब्रेकच्या पट्ट्या कागदासारख्या झाल्या होत्या, हवेची नळी दोन ठिकाणी सुतळीनं बांधलेली होती. ही सुतळी कुणी बांधली, या प्रश्नावर यार्डातला प्रत्येक जण आभाळाकडे बघू लागला.

काम झाल्यावर चाचणीला शेठ स्वतः सुखदेवच्या शेजारी बसले. हातात देवाच्या प्रसादाच्या लाडवांचा डबा. सुखदेवनं फाटकापाशी नेहमीसारखा पाय दाबला. महाराणीनं अजिबात विचार केला नाही. शेठचं कपाळ पुढे आपटलं, चष्मा एकीकडे गेला, आणि लाडू काचेवर आदळून सगळीकडे झाले.

“आता जरा जास्तच लावलेत,” शेठ कपाळ चोळत म्हणाले.

माफी त्यांनी मागितली नाही. उलट पुढे नातेवाइकांत सांगत सुटले, की ब्रेक गेलेत हे मीच आधी ओळखलं, हे ड्रायव्हर लोक तर तशीच न्यायला निघाले होते. सुखदेवच्या कानावर ते आलं. त्यानं ते आयुष्यात ऐकलेल्या इतर गोष्टींसारखंच ऐकून घेतलं. पण रामफळ आणि मंडळींना आता खरं बोलायची चटक लागली. कुणी सांगे वायपर चालत नाही, कुणी सांगे मागचा दिवा लागत नाही. शेठ कपाळाला हात लावून म्हणत, याहून ती मांजर परवडली. आणि यासीन मिस्त्रीला हाक मारत.

सामान शेवटी महाराणीतूनच पानिपतला गेलं, आणि सुखदेवच घेऊन गेला. शोकेसच्या काचेची काळजी म्हणून नीलमभाभी स्वतः केबिनमध्ये बसल्या. बाहेर दाट धुकं. सुखदेव आपल्या चालीनं चालला होता. मागे हॉर्न वाजत होते, शिव्या ऐकू येत होत्या. सोनिपतच्या पुढे भाभी म्हणाल्या, “भैया, जरा धीरे चलाओ.”

सुखदेवनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्याला कुणी हळू चालव म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानं गाडी आणखी हळू केली.

दुपार कलली तेव्हा लीलाबाईचा फोन आला. “पोचलात का हो पानिपतला?”

“केव्हाच.”

“मग इतका आरडाओरडा कसला ऐकू येतोय मागे?”

सुखदेवनं फोन कानापासून लांब धरला. सलोनीच्या सासरच्या दारात डबल बेड आडवा अडकला होता. आतून सासरचे ओढत होते, बाहेरून हमाल लोटत होते, आणि मध्ये उभ्या राहून नीलमभाभी दोन्ही बाजूंना हुकूम सोडत होत्या.

“पलंग दारातून जात नाहीये,” तो म्हणाला. “लढाई जुंपलीय.”

“आपलं कुणी त्यात पडू नका हो,” लीलाबाई घाईनं म्हणाली. “पानिपत आहे ते. जेवलात का?”

“जेवतो,” सुखदेव म्हणाला, फोन खिशात घातला, बाह्या वर केल्या आणि पलंगाचा एक पाय धरायला पुढे गेला.